मोहाखालचा पाला

पहाटे साडेतीन

गजर होण्याआधीच जाग येते. मार्चच्या मध्यापासून महिना-सव्वा महिना माझी झोप मोहाच्या हाती असते. क्वार्टरचं मागचं दार उघडलं की वास येतो, गोड आणि थोडा आंबूस. वास दाट असला तर ओळखायचं, फुलं भरपूर गळताहेत. म्हणजे आज जंगलात माणसं जास्त, आणि माणसं जास्त म्हणजे काड्यापेट्याही जास्त.

मी वनरक्षक. गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या कडेची दोन गावं आणि त्यांच्या पाठचं जंगल एवढं माझं बीट. कागदावर वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला लागतो आणि 15 जूनला संपतो. खरा हंगाम मोहाचं पहिलं फूल पडतं त्या पहाटे लागतो.

आज 8 एप्रिल. 2021 साली याच तारखेला नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन मजूर जळून गेले. ते माझ्या बीटातले नव्हते, मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. पण इथल्या बाया अजून 'ते तिघं गेले त्या सालापासून' असं म्हणून हिशेब करतात. कुणाची पोरगी त्या साली उजवली, कुणाची गाय त्या साली व्याली. मजूर म्हणजे यांच्यातलाच कुणीतरी असतो. उन्हाळ्याचे चार महिने आग राखायला आम्ही जे हंगामी मजूर घेतो त्यांना इकडे अंगारी म्हणतात, आणि या गावात ज्या घरात एकदाही कुणी अंगारी झालं नाही असं घर शोधावं लागेल.

बूट, बॅटरी, पाण्याची बाटली, शिट्टी. चहा आल्यावर.

साडेचार

मोह राखीव जंगलात उभा असला तरी त्याला मालक असतो. सातबाऱ्यावर नाही, तोंडी. हा अमक्याच्या आज्याचा, तो तमकीच्या माहेरून आलेला. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. फुलं पहाटेपासून दहा वाजेपर्यंत टपटपत राहतात आणि खाली असतो सागाचा, धावड्याचा, तेंदूचा घोटाभर पाला. त्या पाल्यात बोराएवढं फूल शोधायचं कसं? म्हणून काडी. पाच मिनिटांत जमीन साफ, काळ्या राखेवर पिवळसर फूल बॅटरीच्या उजेडातही दिसतं. शिवाय जाळ पाहून अस्वल लांब राहतं; मोह त्यालाही हवा असतो. अहवालात 'नागरिकांचा निष्काळजीपणा' असं लिहिणं सोपं आहे, मीही लिहिलंय. पण जिला ऊन चढायच्या आत दोन टोपल्या भरायच्या आहेत तिच्यासाठी ती काडी म्हणजे बिनमजुरीचा गडी.

2021 नंतर गावाने ठरवलं, मोहाखाली जाळायचं नाही, झाडायचं. ऐकायला एका ओळीचं आहे. करायला घेतलं तेव्हा कळलं की आगीने पाच मिनिटांत होणारं काम खराट्याने दीड तासाचं होतं, आणि तेवढा वेळ बाई वाकलेली राहते. वाकलेली बाई वाघाला माणूस दिसत नाही, चार पायांवरचं जनावर दिसते. हे मला खात्याच्या कुठल्या प्रशिक्षणात नाही, एका आजीने सांगितलं. म्हणून चौघी-चौघींचे गट पडले. तिघी झाडतात, चौथी बॅटरी घेऊन उभी राहते, मधून मधून डबा वाजवते. दिसायला लागल्याशिवाय नाला ओलांडायचा नाही. कुणाचा मोह कुठे, गट कोणता, हे सगळं शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहून पोलीस पाटलांकडे ठेवलंय. दोन-तीन घरांनी जुन्या साड्या शिवून झाडाखाली बांधल्यात. रात्री फुलं साडीवर पडतात, सकाळी गाठोडं बांधायचं की झालं. साड्या पुरत असत्या तर माझी नोकरी निम्मी सोपी झाली असती.

पहिल्या गटाशी पोचले तेव्हा झुंजूमुंजू होत होतं.

"झाडलं का मावशी?"

"झाडलं न बाई. कंबर मोडली, पन झाडलं."

"पाला कुठं टाकला?"

"टुरा नेते ना बंडीत भरून, खताच्या गड्ड्यात."

वाळलेलं सागाचं पान परातीएवढं. खराट्याखाली ते पापडासारखं कुरकुरतं आणि त्या आवाजात दुसरा कुठलाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून चौथी बाई. आज ती चौथी म्हणजे बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी होती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाइल. मी मोबाइलकडे पाहिलं. तिने तो पदरात लपवावा तसा ओढणीत लपवला.

सात गट पाहिले. नाल्यापलीकडच्या चार झाडांकडे गेले नाही. ऊन चढत होतं, तिकडच्या झाडांचं झाडून झालंय असं वहीत होतं. हे इथेच लिहून ठेवते.

साडेसहा

जाळरेषेवर अंगारी जमले. जाळरेषा म्हणजे जंगलात मुद्दाम मोकळा ठेवलेला पट्टा. थंडीत गवत कापून, राखण ठेवून तो जाळून घेतात, म्हणजे उन्हाळ्यात आग आली तरी इथे येऊन तिला खायला काही मिळू नये. पण साग काही एका दिवसात पानं टाकून मोकळा होत नाही. आज साफ केलेली रेषा आठवड्यात पुन्हा भरते. त्यामुळे फेब्रुवारीत 'काम पूर्ण' असं लिहिलेली रेषा आम्ही एप्रिलमध्ये चौथ्यांदा झाडतोय.

झाडायला ब्लोअर आहे. पाठीवर दप्तरासारखं घ्यायचं पेट्रोलचं यंत्र, सोंडेसारखी नळी, कानठळ्या बसवणारा आवाज. पेट्रोलमध्ये ऑइल मापात मिसळावं लागतं. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर धूर. आमचा एक पोरगा हे मिश्रण औषधवाल्यासारखं डोळ्यांसमोर बाटली धरून करतो. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याच्या पाठीवर ब्लोअर दिला की बाकीचे निवांत.

अंगाऱ्यांत सगळ्यात मोठे ते आजा. वय त्यांनाच ठाऊक नाही. त्यांच्या खांद्यावर ब्लोअर नाही, हातात पळसाची ओली फांदी. यंत्राबद्दल त्यांचं मत: "हवा मारते मनून आग इझते असं नाई गा. हवेनं आग पेटते. पाला बाजूला फेकाले ते यंत्र." अगदी बरोबर. नव्या पोरांना वाटतं ब्लोअर ज्वाळेवर धरायचा. ज्वाळेपुढचा पाला उडवून द्यायचा असतो, जळालेल्या बाजूला. आग पुढे येते आणि तिला पान सापडत नाही.

साडेनऊ

पेज, लाल मिरचीची चटणी, कांदा. तेंदूच्या सावलीत दहा मिनिटं. सावली कसली, पानंच नाहीत.

दुपारी एक चाळीस

अकरा ते एक पाणवठे पाहिले, एका ठिकाणी टँकर लागणार. बाकी काही नाही. क्वार्टरवर येऊन बूट काढले आणि फोन वाजला.

गुराखी होता. नाल्यापलीकडे धूर. त्याला तो आधीच दिसला होता, पण तिथे रेंज नाही. मचाणावर चढून फोन लावेपर्यंत बराच वेळ गेला. मी पोलीस पाटलांना फोन लावला, त्यांनी देवळातला भोंगा लावला. या गावात लग्न, रेशन आणि आग यांची खबर एकाच भोंग्यावरून जाते. पोचेपर्यंत जाळरेषेवरचे अंगारी पुढे पळाले होते आणि गावातून दोन ट्रॅक्टर भरून माणसं निघाली होती. बाया घागरी घेऊन. पाणी आगीसाठी नसतं, माणसांसाठी असतं. एप्रिलच्या दुपारी आगीसमोर उभा राहिलेला माणूस आधी पाण्याविना पडतो.

नाल्याच्या काठावर चढले आणि आवाज ऐकला. वणवा आधी ऐकू येतो. पाला पेटल्याचा तडतडाट, मध्येच बांबूचं कांडं फुटल्याचा बंदुकीसारखा बार. मग धूर, आणि धुरात कोतवाल पक्षी. आगीपुढे उडणारे नाकतोडे टिपायला ते झुंडीने येतात आणि ज्वाळेच्या हातभर अंतरावरून गिरक्या घेतात. इतक्या वर्षांत त्यांचा राग येणं काही थांबलं नाही.

आग जमिनीवरची होती, गुडघा-मांडीएवढी, पण टेकडीच्या दिशेला निघालेली. चढावर आग पळते. खालची ज्वाळा वरचा पाला आधीच तापवून ठेवते, त्यामुळे सपाटीवर चालणारी आग चढावर धावायला लागते. चार पोरं वरच्या बाजूने जाऊन तोंडावर झोडपायला निघाली.

"वरतं कोनी जायचं नाई!" आजा एवढ्या जोरात ओरडतील असं मला वाटलं नव्हतं. "खाली या. जरल्या जागी उभे राहा. कडेनं मारा."

पोरं थांबली. त्यांतल्या एकाने माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणते म्हणून. मी मान हलवली. 2021 च्या आधी कुणी थांबलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मीही थांबवलं नसतं. तेव्हा आग लवकर विझवणं म्हणजेच चांगलं काम होतं. आता माणसं मोजत राहणं हे पहिलं काम आहे. दर पंधरा मिनिटांनी मी शिट्टी वाजवते आणि प्रत्येक टोळीचा मुकादम हात वर करून बोटं दाखवतो. आज पाच टोळ्या.

जळून गेलेल्या जागेला पुन्हा आग लागत नाही. तिथे पाय ठेवून, शेपटीकडून दोन्ही कडा मारत मारत तोंडाकडे जायचं, आग अरुंद होत जाते. फांदी आपटायची नाही. आपटली की ठिणग्या उडतात. दाबून घासायची, ओल्या फडक्याने जमीन पुसावी तशी. दोन हातांत काही मिनिटं दम टिकतो, मग मागचा पुढे येतो. ब्लोअरवाला पोरगा उजव्या कडेला होता आणि आज तो कुणालाच यंत्र देत नव्हता. दोनदा सांगितलं, ऐकलं नाही.

दोन पन्नासला खिशात मोबाइल थरथरला. देहरादूनच्या फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाचा मेसेज: अक्षांश, रेखांश, कक्ष क्रमांक, 'आग आढळली'. दुपारी दीडच्या सुमारास जाणाऱ्या उपग्रहाला आमची आग दिसली होती. त्याच्या डोळ्याला जमीन 375 मीटरच्या चौकटींत दिसते. अशा एका चौकटीत मी उभी होते, काळी होऊन. थट्टा करत नाही. रात्री दीडला तोच उपग्रह पुन्हा वरून जातो, आणि रात्री गुराखी नसतो.

तोंड तरीही टेकडीकडे सरकत होतं. वनपाल साहेब आले, त्यांनी पाहिलं आणि ठरवलं: टेकडीच्या पायथ्याच्या जाळरेषेवरून उलटी आग. सकाळी झाडलेली रेषा पाठीशी घेऊन आम्ही आतल्या बाजूला, येणाऱ्या आगीच्या दिशेने, पाला पेटवत गेलो. वर्षभर 'काडी लावू नका' सांगणारी मी, हातात काडीपेटी. मागे बायांची रांग, रेषेच्या पलीकडे एकही ठिणगी पडू नये म्हणून फांद्या घेऊन उभी. दोन आगी एकमेकींकडे चालत गेल्या, भेटल्या तेव्हा क्षणभर झाडाच्या उंचीची भिंत झाली, आणि खाली बसली. खायलाच काही उरलं नव्हतं.

साडेचार. शिट्टी. पाच टोळ्या, सगळी बोटं बरोबर.

सायंकाळी साडेपाच

आग विझली म्हणजे संपली नाही. पडलेले ओंडके आतून दोन-दोन दिवस धुमसतात, उभ्या वठलेल्या झाडाच्या पोकळीत निखारा बसतो आणि वारा आला की परत. प्रत्येक ओंडका उलटा करायचा, माती टाकायची, हात जवळ नेऊन धग पाहायची. हे कंटाळवाणं काम बायांनी घेतलं. पुरुष घागरींजवळ आडवे झाले होते.

मी आग लागली कुठे ते शोधत मागे गेले. दगड सांगतात: ज्या बाजूला काजळी, त्या बाजूने आग आलेली. दगडामागून दगड पाहत जायचं. वाटेत रातव्याची दोन अंडी, जमिनीवरच घातलेली, तडकलेली. रातवा घरटं बांधत नाही, पाल्यावरच अंडी ठेवतो, पाल्याच्या रंगाची, म्हणजे कुणाला दिसू नयेत.

दगड मला एका मोहाकडे घेऊन गेले. नाल्यापलीकडच्या, सकाळी मी न गेलेल्या चारांपैकी एक. खाली गोल जाळलेली जागा, कडेने फांदीने विझवल्याच्या खुणा. म्हणजे कुणीतरी पहाटे जाळलं होतं आणि विझवलंही होतं. फक्त कडेला सागाचं एक जुनं खुंट होतं. ते आत पोकळ, मुळापर्यंत जळत गेलेलं. पहाटेपासून गुपचूप धुमसत राहिलं असणार आणि दुपारचा वारा सुटला तेव्हा बाहेर आलं.

मागे पावलं वाजली. ब्लोअरवाला पोरगा. त्याने झाडाकडे पाहिलं, मग खुंटाकडे. "काकाचा आहे," म्हणाला. त्याला हे दुपारपासून ठाऊक होतं.

रात्री आठ

समाजमंदिरासमोर बैठक. अशी बैठक आगीनंतर त्याच रात्री घ्यायची, हेही 2021 नंतरचं. सकाळपर्यंत थांबलं की प्रत्येकाची गोष्ट पक्की होऊन येते.

काका स्वतःच उभा राहिला. पस्तिशीचा माणूस, हाताला फोड. दुपारी चौथ्या टोळीत होता, झोडपत. म्हणाला, बायको बाळंतपणाला माहेरी, आई अंथरुणावर. गट चौघांचा, त्याच्याबरोबर कोण जाणार? बायांच्या गटात एकटा पुरुष कसा घ्यायचा? काल अस्वलाचे पाय दिसले झाडाखाली. मग वहीत 'झाडलं' म्हणून सही केली आणि काडी लावली. "इझवली होती न बाप्पा. पानी पन टाकलो होतो."

कुणी तरी मागून दंडाचं बोललं. कुणी त्याच्या तेंदूच्या पैशांतून कापा म्हणालं. एका शिकलेल्या पोराने चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं सांगितलं, तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, जंगल राखायला. त्यावर सरपंचबाई म्हणाल्या, पाचगावाकडे विकायला बांबू आहे, आपल्याकडे मोह आणि तेंदू सोडून काय आहे? तो पोरगा बसला. मलाही उत्तर येत नव्हतं.

मग आजीने, त्याच वाघ ओळखणाऱ्या आजीने, विचारलं की वही कुणी केली. चौघांचा गट कुणी ठरवला. जो एकटा आहे त्याचं काय करायचं हे त्या वहीत आहे का? पोलीस पाटलांनी वही उघडली. नव्हतं. बराच वेळ नुसती पानं उलटल्याचा आवाज. शेवटी त्या पानावर एक ओळ वाढवली: ज्याला सोबत नाही त्याने आदल्या रात्री सांगायचं, दोन अंगारी जातील. आणि गुन्हा? तो माझा भाग. मी म्हणाले, नाव लिहावं लागेल. तो म्हणाला, "लिहा मॅडम." दंडाची रक्कम वर ठरेल. गावाने आपला दंड वेगळा लावला: हंगाम संपेपर्यंत नाल्यापलीकडची जाळरेषा तो झाडेल.

सकाळी मी नाल्यापलीकडे गेले नव्हते, हे मी बैठकीत सांगितलं. कुणी काही म्हटलं नाही. तो पुतण्या जमिनीकडे पाहत होता.

साडेदहा

हजेरीपट आजच भरते, नाही तर मजुरी रखडते. प्राथमिक गुन्हा रिपोर्ट, पंचनामा, जळालेल्या क्षेत्राचा नकाशा. कारणाच्या रकान्यात 'मोहफूल वेचणी'. रकाना एवढाच आहे.

दारावर थाप पडली. तोच काका. आत आला नाही, चौकटीशी उभा राहिला.

"मॅडम, एक इचारू? झाडाखाली आता सारी राखच आहे. उद्या मोह त्याच्यावरच पडन. व्यापारी राखेचा मोह घेते का? धुऊन वारवला तर?"

मला माहीत नव्हतं. बाहेर अंगणात आजा उभे होते, त्याला सोडायला आलेले.

"धुतला का आंबते गा तो," ते अंधारातून म्हणाले. "साडी आहे का घरी, जुनी? बांधू आपन. साडेतीनला ये."